दूरचित्रवाणी संचाचा बदलता उपयोग : व्हिडिओ, टीव्ही गेम आणि घरगुती संगणक यांचा रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात ऐतिहासिक आढावा (१९८२ ते २०१६)

सारांश :

दूरचित्रवाणी हे प्रक्षेपणाचे माध्यम म्हणून भारतात आले. परंतु १९८२ नंतरच्या तीन दशकांत घरातील दूरचित्रवाणी संचाला व्हीसीआर, टीव्ही गेम, व्हीसीडी प्लेअर, संगणक आणि गेम कन्सोल अशी अनेक उपकरणे जोडली गेली व तो संच केवळ प्रक्षेपण दाखविणारे यंत्र न राहता कुटुंबाच्या मालकीचा पडदा बनला. प्रस्तुत शोधनिबंधात या स्थित्यंतराचा तांत्रिक, कायदेशीर व सामाजिक अंगांनी विचार केला आहे. मुंबई आणि आखाती देश यांच्याशी स्थलांतराने जोडलेला रत्नागिरी जिल्हा हा या विवेचनाचा संदर्भ आहे. या काळात कौटुंबिक व लोककलाविषयक ध्वनिचित्रमुद्रणांचा जो साठा निर्माण झाला, तो आज नष्ट होण्याच्या मार्गावर असून स्थानिक इतिहासाचे साधन म्हणून त्याचे जतन होणे आवश्यक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : दूरचित्रवाणी, व्हिडिओ, व्हीसीडी, गेम कन्सोल, घरगुती संगणक, स्थलांतर, रत्नागिरी.

प्रस्तावना :

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी कार्यान्वित झाले. १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम व रंगीत प्रक्षेपण यांचा प्रारंभ झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांनी रंगीत संचांच्या प्रसाराला चालना दिली. दूरचित्रवाणीचा इतिहास लिहिताना 'हमलोग', 'रामायण', 'महाभारत' या मालिका, त्यानंतर आलेल्या उपग्रह वाहिन्या आणि १९९९ मध्ये सुरू झालेली 'अल्फा मराठी' असा क्रम सामान्यतः मांडला जातो. हा क्रम चुकीचा नाही. परंतु तो प्रक्षेपकाचा इतिहास आहे. संचाच्या मागील बाजूस असलेल्या अँटेनाच्या छिद्रात प्रेक्षकाने स्वतः काय जोडले, याची नोंद त्यात फारशी आढळत नाही. वास्तविक प्रेक्षकाच्या हाती निवडीचा अधिकार प्रथम आला तो या छिद्रातूनच. म्हणून या दुसऱ्या इतिहासाचा स्वतंत्र विचार होणे गरजेचे आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) दूरचित्रवाणी संचाला जोडल्या गेलेल्या उपकरणांचा कालक्रमानुसार आढावा घेणे.
२) गेम कन्सोल व घरगुती संगणक हे व्हिडिओ दाखविणारी साधने कसे बनले, याचे तांत्रिक कारण स्पष्ट करणे.
३) रत्नागिरी जिल्ह्याची भौगोलिक व सामाजिक परिस्थिती आणि या साधनांचा वापर यांतील संबंध तपासणे.
४) या काळातील ध्वनिचित्रमुद्रणांच्या जतनाच्या प्रश्नाकडे लक्ष वेधणे.

व्याप्ती व पद्धती :

अभ्यासाचा कालखंड १९८२ ते २०१६ असा घेतला आहे. १९८२ हे रंगीत प्रक्षेपणाचे वर्ष असून २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआरचे उत्पादन थांबविले व त्याच वर्षी भारतात स्वस्त मोबाइल इंटरनेटचे पर्व सुरू झाले. विवेचन ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचे असून जनगणनेची आकडेवारी, संबंधित कायदे व न्यायनिर्णय आणि तंत्रज्ञानविषयक माहिती यांवर आधारलेले आहे.

रत्नागिरी जिल्ह्याची पार्श्वभूमी :

१ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाल्यानंतर रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा व राजापूर हे नऊ तालुके राहिले. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला अरबी समुद्र आणि मध्ये डोंगर, खाड्या व दऱ्या अशी येथील रचना आहे. गावे एकवट वसलेली नसून वाड्यांमध्ये विखुरलेली आहेत. दूरचित्रवाणीच्या लहरी सामान्यतः सरळ रेषेत जात असल्याने डोंगराच्या आडोशाला असलेल्या वाडीत प्रक्षेपण क्षीण होणे स्वाभाविक होते. केबलचे जाळेही जेथे घरे दाट आहेत तेथेच किफायतशीर ठरते. त्यामुळे शहरात व तालुक्याच्या गावी केबल पोहोचली तरी दूरच्या वाड्यांना ती सहज मिळण्यासारखी नव्हती. अशा ठिकाणी घरात ठेवता येणाऱ्या फितीला आणि तबकडीला वेगळे महत्त्व प्राप्त होते.

दुसरी महत्त्वाची बाब स्थलांतराची आहे. २००१ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती आणि दर हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या. त्या वेळी महाराष्ट्राचे प्रमाण ९२२ होते. २०११ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ इतकी कमी झाली व स्त्रियांचे प्रमाण ११२२ राहिले. कमावता पुरुष मुंबईत किंवा परदेशात आणि घर, शेती व म्हातारी माणसे सांभाळणारी स्त्री गावात, हे कोकणातील अनेक कुटुंबांचे चित्र या आकड्यांमधून दिसते. मुंबईचा चाकरमानी गौरी-गणपती व शिमग्याला गावी येतो, तर आखाती देशांत नोकरीस असलेला माणूस रजेवर येतो. नवीन यंत्रे घरात येण्याचे हेच दोन प्रमुख मार्ग होते.

व्हीसीआरचे युग :

सोनी कंपनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स व जेव्हीसीने १९७६ मध्ये व्हीएचएस ही पद्धती बाजारात आणली. भारतात १९८० च्या दशकाच्या प्रारंभी व्हीसीआर ही प्रामुख्याने परदेशातून येणारी वस्तू होती. आखाती देशांतून आणलेला व्हीसीआर कोकणातील घरात विनासायास चालत असे. भारताने दूरचित्रवाणीसाठी ६२५ रेषांची पाल पद्धती स्वीकारली होती आणि संयुक्त अरब अमिराती, कुवेत, ओमान, कतार व बहारीन येथेही पाल पद्धतीच प्रचलित होती. अमेरिका व जपान येथील एनटीएससी पद्धतीचे यंत्र मात्र बहुपद्धती संचाशिवाय येथे उपयोगी पडत नसे. म्हणजे स्थलांतराचा मार्ग आणि तांत्रिक प्रमाणक यांची येथे अनायासे सांगड पडली होती.

व्हीसीआरने दोन गोष्टी घडविल्या. पहिली म्हणजे चित्रपट पाहण्याचे ठिकाण बदलले. व्हीसीआर आणि रंगीत संच भाड्याने आणून गणेशोत्सवात, पूजेच्या किंवा लग्नाच्या निमित्ताने रात्रभर दोन-तीन चित्रपट दाखविण्याची पद्धत महाराष्ट्रभर रूढ झाली. ज्या गावात चित्रपटगृह नाही तेथे चित्रपट अंगणात आला. कामामुळे व अंतरामुळे तालुक्याच्या गावी चित्रपटाला जाऊ न शकणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने हा बदल लहान नव्हता. दुसरी गोष्ट म्हणजे मुद्रण. लग्न, मुंज, निकाह, गृहप्रवेश यांचे व्हिडिओ चित्रण होऊ लागले आणि समारंभाला येऊ न शकलेल्या परदेशस्थ नातेवाइकाला कॅसेट पाठविणे शक्य झाले. पत्राने केवळ वार्ता कळत असे. कॅसेटने घराची नवी पडवी, म्हाताऱ्या आईचा आवाज आणि नुकते चालू लागलेले मूलही दिसू लागले.

कायद्याची भूमिका :

नव्या साधनाने कायद्यापुढे नवे प्रश्न उभे केले. पडद्याऐवजी दूरचित्रवाणी संचावर पैसे घेऊन चित्रपट दाखविणे हे 'सिनेमॅटोग्राफ'च्या व्याख्येत येते काय, हा त्यांपैकी प्रमुख प्रश्न होता. लक्ष्मी व्हिडिओ थिएटर्स विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये व्हिडिओ पार्लरमधील व्हीसीआरवरील प्रदर्शनालाही ही व्याख्या लागू होते व त्यासाठी परवाना आवश्यक ठरतो, असा निर्णय दिला. तत्पूर्वी १९८४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात व्हिडिओ फितीचा स्पष्ट समावेश करण्यात आला. फितीच्या वेष्टनावर निर्मात्याचे व हक्कधारकाचे नाव आणि प्रमाणपत्राची प्रत असणे बंधनकारक झाले, तसेच अनधिकृत प्रतींसाठी किमान सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद झाली. १९९५ मध्ये केबल दूरचित्रवाणी जाळ्यांच्या नियमनाचा कायदा आला.

या तरतुदींतून एक सीमारेषा स्पष्ट होते. पैसे घेऊन जनतेला दाखविणे हे शासनाच्या नियंत्रणाखाली आले; घरात कुटुंबाने पाहणे मात्र परवान्याच्या कक्षेबाहेर राहिले. कोकणातील अंगण हे घर की सार्वजनिक जागा, असा प्रश्न या संदर्भात सहज उद्भवतो. वाडीतील वीस-पंचवीस माणसे शेजारधर्माने एका घरी जमतात, तिकीट नसते, पण भाड्याची वर्गणी काढलेली असते. कायद्यातील घर व समाज ही विभागणी वाडीच्या जीवनाला तंतोतंत लागू पडणारी नव्हती, असे म्हणता येते.

टीव्ही गेम आणि पहिले घरगुती संगणक :

दूरचित्रवाणी संचाचा पडदा म्हणून उपयोग करणारे दुसरे साधन म्हणजे टीव्ही गेम. निन्टेंडो कंपनीचा फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये आला. त्याच्या तैवान व चीनमध्ये बनलेल्या नकला १९९० च्या दशकात भारतीय बाजारात आल्या. 'समुराई' हे त्या काळातील टीव्ही गेमचे एक परिचित नाव होय. खेळ ज्या काड्तुसात असे त्याला येथील मुले 'कॅसेट'च म्हणत. नवे यंत्र जुन्या यंत्राच्या शब्दाने ओळखले गेले, ही बाब लक्षणीय आहे.

याच सुमारास घरगुती संगणकही दूरचित्रवाणीलाच जोडला जात होता. १९८२ मध्ये इंग्लंडमध्ये आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रमला स्वतःचा मॉनिटर नव्हता. तो अँटेनाच्या छिद्रात जोडावा लागे आणि त्याचे कार्यक्रम साध्या ध्वनिफितीवर साठविले जात. त्याची 'डीबी स्पेक्ट्रम' ही आवृत्ती भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने विकली. शासनाच्या 'क्लास' प्रकल्पातून १९८४-८५ पासून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले.

मात्र ही दोन्ही यंत्रे चित्रपट दाखवू शकत नव्हती. त्याचे कारण आकड्यांत पाहता येते. फॅमिकॉमवरील 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा संपूर्ण खेळ सुमारे ४० किलोबाइटमध्ये मावत असे. स्पेक्ट्रमची स्मृती जास्तीत जास्त ४८ किलोबाइट होती. याउलट पुढे आलेल्या व्हीसीडीवर चित्र व ध्वनीच्या एका सेकंदासाठी सुमारे १७० किलोबाइट माहिती खर्च होते. म्हणजे चित्रपटाच्या एका सेकंदात तशा चार खेळांची माहिती सामावते. जोपर्यंत एवढी माहिती साठविणारे स्वस्त माध्यम व ती वेगाने उलगडणारा प्रक्रियक उपलब्ध नव्हता, तोपर्यंत खेळ, संगणक आणि चित्रपट हे एकाच पडद्यावर येत असूनही परस्परांपासून वेगळे राहिले.

व्हीसीडी : तबकडीने घडविलेले एकत्रीकरण :

हे वेगळेपण संपुष्टात आणले ते तबकडीने. १९९३ मध्ये फिलिप्स, सोनी, मात्सुशिता व जेव्हीसी यांनी व्हीसीडीचे प्रमाणक निश्चित केले. एका तबकडीवर ७४ मिनिटांचे चित्रण मावत असल्याने हिंदी वा मराठी चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांवर येई. चित्राची स्पष्टता पाल पद्धतीत ३५२ गुणिले २८८ बिंदूंची, म्हणजे पूर्ण चित्राच्या सुमारे एक चतुर्थांश होती. तरीही फितीप्रमाणे ती गुंडाळावी लागत नसे आणि तिची प्रत काढताना दर्जा घसरत नसे. युरोप-अमेरिकेत व्हीसीडी फारशी रुजली नाही. आशियात मात्र ती घरोघर गेली.

गेम कन्सोलही याच तबकडीकडे वळले. फिलिप्सच्या १९९१ मधील सीडी-आय यंत्राला जोडपट्टी लावून व्हीसीडी पाहता येत असे. सोनीने डिसेंबर १९९४ मध्ये प्लेस्टेशन आणला व पुढे आशियाई बाजारासाठी व्हीसीडी चालविणारी त्याची स्वतंत्र आवृत्ती काढली. खेळाचे यंत्र घेतले तर चित्रपटाचे यंत्र वेगळे घ्यावे लागू नये, ही आशियाई कुटुंबाची अपेक्षा उत्पादकाने ओळखली होती. ४ मार्च २००० रोजी जपानमध्ये आलेल्या प्लेस्टेशन २ मध्ये डीव्हीडी चालविण्याची सोय मुळातच होती. जपानमध्ये अनेकांनी तो प्रथम डीव्हीडी प्लेअर म्हणूनच घेतला. पुढे या यंत्राची विक्री १५ कोटींच्या वर गेली.

मायक्रोसॉफ्टच्या २००१ मधील एक्सबॉक्सचा इतिहास याहून बोधप्रद आहे. त्यात ७३३ मेगाहर्ट्झचा पेंटियम वर्गातील प्रक्रियक, ६४ मेगाबाइट स्मृती आणि हार्ड डिस्क होती. म्हणजे तो वस्तुतः दूरचित्रवाणीला जोडलेला संगणकच होता. डीव्हीडी पाहण्यासाठी मात्र कंपनीचे वेगळे रिमोट विकत घ्यावे लागे. हौशी आज्ञावलीकारांनी हे बंधन ओलांडून 'एक्सबॉक्स मीडिया सेंटर' ही मुक्त आज्ञावली तयार केली. २००४ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. कालांतराने ती साध्या संगणकांवर आली व २०१४ मध्ये तिचे 'कोडी' असे नामकरण झाले. उत्पादकाने ठरविलेला उपयोग वापरणाऱ्याने बदलल्याचे हे ठळक उदाहरण होय.

भारतात ही महाग कन्सोल मर्यादित वर्गापुरती राहिली. एक्सबॉक्स ३६० हा २००६ मध्ये, तर प्लेस्टेशन ३ हा २००७ मध्ये येथे अधिकृतपणे विक्रीस आला. लहान गावांतील कुटुंबाने या एकत्रीकरणाचा अनुभव उलट्या दिशेने घेतला. तेथे खेळाचे यंत्र चित्रपट दाखवू लागले नाही, तर चित्रपटाचे यंत्र खेळ खेळवू लागले. चिनी बनावटीच्या अनेक व्हीसीडी व डीव्हीडी प्लेअरसोबत दोन जॉयस्टिक आणि 'तीनशे खेळां'ची तबकडी मिळत असे. हे खेळ बहुतांशी फॅमिकॉमचेच होते. श्रीमंत देशांत कन्सोलने जे साधले, तेच येथे स्वस्त प्लेअरने साधले.

घरगुती संगणक आणि दूरचित्रवाणी :

महाराष्ट्रात संगणक तालुक्याच्या गावापर्यंत नेण्यात २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाचा मोठा वाटा आहे. तथापि संगणक ही सार्वत्रिक वस्तू नव्हती. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४७.२ टक्के कुटुंबांकडे दूरचित्रवाणी संच होता, तर संगणक केवळ ९.५ टक्के कुटुंबांकडे व इंटरनेटसह संगणक ३.१ टक्के कुटुंबांकडे होता.

घरात चौदा-पंधरा इंची मॉनिटर आणि एकवीस इंची टीव्ही असे दोन पडदे असताना मोठ्या पडद्यावर चित्रपट पाहावा, असे वाटणे साहजिक होते. परंतु संगणकाचे चित्र टीव्हीवर थेट जाऊ शकत नसे. पाल पद्धतीचा संच सेकंदाला १५,६२५ रेषा रेखाटतो, तर संगणकाच्या व्हीजीए मॉनिटरला साधारण ३१,५०० रेषांचा वेग लागतो. म्हणून ग्राफिक्स कार्डावर 'टीव्ही-आउट'ची सोय आणि पिवळ्या पिनेची वायर आवश्यक ठरे. ध्वनीसाठी लाल व पांढरी पिन वेगळी जोडावी लागे. अशा रीतीने आलेल्या चित्रात अक्षरे अस्पष्ट दिसत व थरथरत, त्यामुळे लेखनासाठी तो पडदा निरुपयोगी होता. चित्रपटासाठी मात्र पुरेसा होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या डिव्हएक्स पद्धतीने संपूर्ण चित्रपट एका ७०० मेगाबाइटच्या सीडीवर मावू लागला आणि त्याची फाइल प्रथम संगणकावरच उघडत असल्याने संगणकाला या जोडणीत मध्यवर्ती स्थान मिळाले. पुढे तीच सोय डीव्हीडी प्लेअरमध्ये व यूएसबी छिद्रात आली आणि संगणकाची गरज पुन्हा कमी झाली.

विजेचा प्रश्नही येथे दुर्लक्षिता येत नाही. गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्प मे १९९९ मध्ये सुरू होऊन २००१ मध्ये बंद पडला. त्यानंतरच्या वर्षांत राज्याने तीव्र भारनियमन अनुभवले. ज्या जिल्ह्यात देशातील बहुचर्चित वीज प्रकल्प उभा होता, त्या जिल्ह्यातही पडदा केव्हा उजळेल हे वेळापत्रकावर अवलंबून होते. ठरावीक वेळेच्या प्रक्षेपणापेक्षा वीज आल्यावर लावता येणारी तबकडी अधिक सोयीची होती, हेही तिच्या लोकप्रियतेचे एक कारण मानता येईल.

बाजारपेठ आणि अनधिकृत प्रती :

या सर्व प्रक्रियेत अनधिकृत प्रतींचा वाटा मोठा होता, हे मान्य केले पाहिजे. मूळ तबकडीची किंमत सामान्य कुटुंबाला परवडत नव्हती. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना व डीव्हीडी ३४ रुपयांना विकण्यास प्रारंभ केला, तेव्हा अधिकृत प्रत प्रथमच अनधिकृत प्रतीच्या किमतीला आली. जुने मराठी चित्रपट व नाटके अनेक घरांत पोहोचण्यास त्यामुळे मदत झाली. परंतु हे यश अल्पकालीन ठरले. डीटीएच सेवा विखुरलेल्या वाड्यांपर्यंत पोहोचली, ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि चित्रपट मोबाइलवर आला. ही कंपनी पुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत जाऊन २०१८ मध्ये तिच्या परिसमापनाचा आदेश झाला.

जतनाचा प्रश्न :

चित्रपट पुन्हा मिळू शकतो. घरातील कॅसेट पुन्हा मिळत नाही. या कालखंडात व्हीएचएस फितींवर व नंतर घरी लिहिलेल्या सीडींवर जे उतरले, त्यात विवाहसोहळे आहेत, गावचा शिमगा व पालखी आहे, नमन-खेळे व जाखडीचे प्रयोग आहेत. यांपैकी बहुसंख्य कलावंतांची नोंद कोणत्याही ग्रंथात नाही. त्यांची बोली, पदन्यास व वाद्यांचा मेळ केवळ या फितींमध्ये असण्याची शक्यता आहे. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा दमट हवेत चुंबकीय फितीला बुरशी येते आणि लिहिलेल्या सीडीचा थर खराब होतो. फीत शाबूत राहिली तरी ती चालविणारे यंत्र आता बनत नाही.

येथे घरगुती संगणकाची भूमिका उलटी होते. एकेकाळी संगणकातील चित्र टीव्हीवर नेण्यासाठी जी वायर वापरली, तिच्याच जोडीने व्हीसीआरमधील चित्र टीव्ही ट्यूनर किंवा कॅप्चर कार्डाद्वारे संगणकात उतरविता येते. त्यासाठी चालू स्थितीतील एक व्हीसीआर, एक साधा संगणक आणि फितीच्या लांबीइतका वेळ लागतो. खर्च मोठा नाही. मात्र काळ थोडा आहे.

निष्कर्ष :

१) भारतातील दूरचित्रवाणीचा इतिहास प्रक्षेपणापुरता मर्यादित नाही. संचाला जोडलेल्या उपकरणांनी प्रेक्षकाला वेळ व विषय निवडण्याचा अधिकार उपग्रह वाहिन्यांच्या आधीच दिला.
२) टीव्ही गेम, संगणक व व्हिडिओ ही साधने एकाच पडद्यावर येऊनही माहिती साठविण्याच्या मर्यादेमुळे वेगळी राहिली. तबकडीमुळे त्यांचे एकत्रीकरण झाले.
३) विकसित देशांत गेम कन्सोल हा व्हिडिओ प्लेअर बनला, तर भारतातील लहान गावांत स्वस्त व्हिडिओ प्लेअर हाच गेम कन्सोल बनला. तंत्रज्ञानाचा प्रवास सर्वत्र एकाच क्रमाने होत नाही.
४) रत्नागिरी जिल्ह्यात विखुरलेली वस्ती, डोंगराळ भूरचना, विजेची अनिश्चितता आणि मुंबई व आखाती देशांतील स्थलांतर हे घटक घरात ठेवता येणाऱ्या माध्यमाला अनुकूल ठरले.
५) महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी, सार्वजनिक ग्रंथालयांच्या सहकार्याने, कुटुंबांकडील फिती व तबकड्या त्यांच्या संमतीने संगणकावर उतरवून घ्याव्यात आणि प्रत्येक मुद्रणासोबत गाव, वाडी, प्रसंग, वर्ष व सहभागी व्यक्ती यांची नोंद करावी. चित्रातील माणसांची नावे सांगू शकणारी पिढी आज हयात आहे. ती गेल्यानंतर फीत वाचली तरी तिच्यातील चेहरे अनोळखी होतील व साधन म्हणून तिचे मूल्य मोठ्या प्रमाणात नष्ट होईल.